शेठ वालचंद हिराचंद

विदर्भाच्या पूर्व टोकाला चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन वनाच्छादित जिल्हे आहेत. साग, ऐन, बांबू आणि मोह यांच्या या अरण्याखाली निसर्गाने आणखी एक धन दडवून ठेवले आहे. ते म्हणजे लोखंडाचा दगड. लोहारा, सुरजागड अशा ठिकाणचे खनिज फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. येथील कारागीर मातीच्या लहान भट्ट्यांत कोळशाच्या आगीवर तो दगड भाजून लोखंड काढीत आणि त्यापासून नांगराचे फाळ, कुऱ्हाडी व कोयते घडवीत. १८८२ साली या भागातील लोहखनिजाविषयीचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. भारतात पोलादाचा मोठा कारखाना उभारावा हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून बसला. पुढे तो कारखाना जमशेदपूर येथे उभा राहिला.

परंतु लोखंड भूमीत असणे निराळे, त्याचे पोलाद होणे निराळे आणि त्या पोलादाचे यंत्र घडविणे त्याहूनही निराळे. देशात पोलाद निघू लागले, तरी आगबोटी, मोटारी आणि विमाने परदेशांतूनच येत होती. ही उणीव ज्यांना रात्रंदिवस टोचत राहिली, त्यांपैकी एक पुरुष योगायोगाने त्याच १८८२ साली जन्माला आला. त्यांचे नाव वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील; पण व्यापाराच्या निमित्ताने ते महाराष्ट्रात येऊन येथलेच झाले होते. घरी सुताचा व सावकारीचा व्यवसाय होता. आईचे छत्र त्यांना लाभले नाही; त्यांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती निवर्तली. सोलापुरात शालेय शिक्षण पुरे करून वालचंद मुंबईस आणि नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकावयास गेले. परंतु ते प्लेगचे दिवस होते. घरावर आपत्ती कोसळल्या आणि त्यांना शिक्षण अर्ध्यावर सोडून सोलापूरला परतावे लागले.

वडिलोपार्जित पेढीवर बसून व्याजाचा हिशेब करणे सोपे होते. त्यात प्रतिष्ठा होती आणि धोकाही फारसा नव्हता. पण या तरुणाचे मन तेथे रमेना. आपल्या हातून काहीतरी नवे उभे राहावे, अशी ओढ त्यांना लागली होती. याच सुमारास त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटक यांच्याशी पडली. फाटक यांनी रेल्वेत नोकरी केली होती. बांधकामाच्या कंत्राटांची त्यांना चांगली माहिती होती, पण भांडवल नव्हते. वालचंदांपाशी भांडवल उभे करण्याची शक्ती होती, पण अनुभव नव्हता. दोघे भागीदार झाले. बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या लहानशा मार्गाचे काम त्यांनी घेतले आणि ते नीट पार पाडले. एका व्यापाऱ्याच्या मुलाने ऊन, धूळ आणि माती यांच्या संगतीत मजुरांबरोबर उभे राहावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

पुढे कामे वाढत गेली. मुंबई व पुणे यांच्या दरम्यान बोरघाटातील लोहमार्गाचे बोगदे खोदण्याचे अवघड काम त्यांच्या कंपनीने केले. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसा तलावाच्या प्रचंड नळांचे कामही त्यांनी केले. बोगदा हा डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खोदीत आणावा लागतो. मोजणीत थोडीशी जरी चूक झाली, तरी दोन्ही बाजूंचे खोदकाम मध्यभागी एकमेकांना भेटत नाही आणि सगळे श्रम वाया जातात. माप अचूक असेल तरच काम तडीस जाते, हा धडा वालचंदांना घाटातच मिळाला.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुंबईच्या बंदरात एक आगबोट विकावयाची आहे, अशी वार्ता वालचंदांच्या कानी आली. ही बोट ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची होती. युद्धात जखमी सैनिकांचे रुग्णालय म्हणून ती वापरली गेली होती आणि तिचे नाव होते ‘लॉयल्टी’. भारताच्या सागरी व्यापारावर त्या वेळी इंग्रज कंपन्यांची पकड इतकी घट्ट होती, की एखादी देशी कंपनी पुढे आली तर त्या आपले दर एकदम खाली आणीत आणि तिला बुडवीत. हे ठाऊक असूनही वालचंदांनी नरोत्तम मोरारजी आदी मित्रांना बरोबर घेतले, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली आणि ती बोट विकत घेतली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. याच दिवसाची आठवण म्हणून भारतात ५ एप्रिल हा राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो.

तथापि ‘लॉयल्टी’ ही जुनी बोट होती. ती १८९० साली इंग्लंडमध्ये बांधलेली होती. तिची देखभाल खर्चाची ठरली आणि अखेर १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. त्याच वर्षी कंपनीला बलाढ्य इंग्रज प्रतिस्पर्ध्यांशी करार करावा लागला. भारताच्या किनाऱ्यापुरताच व्यापार करावयाचा आणि ठरावीक मर्यादेबाहेर बोटी वाढवावयाच्या नाहीत, असे बंधन त्या कराराने आले. वालचंदांना ही गोष्ट मनापासून सलली. विकत आणलेले यंत्र हे खऱ्या अर्थाने आपले नसते, हे त्यांना कळून चुकले. ज्याने ते घडविले, त्याच्याकडेच त्याचे सुटे भाग मागावे लागतात आणि दुरुस्तीसाठी त्याच्याच दारी उभे राहावे लागते. म्हणून बोटी विकत घेणे पुरेसे नाही, त्या बांधल्या पाहिजेत; मोटारी चालविणे पुरेसे नाही, त्या घडविल्या पाहिजेत. येथून पुढे हाच त्यांच्या आयुष्याचा ध्यास झाला.

मोटारींच्या कारखान्याची कल्पना थोर स्थापत्यविशारद सर विश्वेश्वरय्या यांनीही मोठ्या आग्रहाने मांडली होती. तिच्या सिद्धीसाठी अमेरिकेतील मोटार-कारखानदारांशी बोलणी करण्याकरिता वालचंद १९३९ साली त्या देशात गेले. युरोपात दुसरे महायुद्ध पेटले होते. परतीच्या प्रवासात ते पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या ‘क्लिपर’ विमानाने निघाले. त्याच विमानात विल्यम पॉली नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. पॉली यांनी चीनमध्ये विमाने जोडण्याचा कारखाना चालविला होता. खाली अथांग समुद्र, वर आकाश आणि दोन उद्योगी माणसे शेजारी बसलेली. साहजिकच विमानांच्या कारखान्यावर बोलणे सुरू झाले. चीनसारख्या युद्धग्रस्त देशात जे होऊ शकते, ते भारतात का होऊ नये, या प्रश्नाने वालचंदांच्या मनाची पकड घेतली. मोटारींसाठी गेलेला हा माणूस विमानांचा संकल्प घेऊन मायदेशी परतला.

विमान तयार करणे म्हणजे काय, हे येथे थोडे समजून घेतले पाहिजे. आपल्या गावातील सुतार लाकूड मोजताना सूत हे माप वापरतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दार किंवा खाट बनविताना अर्ध्या सुताची चूक झाली, तर रंध्याने ती सावरता येते. यंत्रशाळेतील कामगाराचे माप मात्र फार बारीक असते. तो इंचाचे हजार भाग कल्पितो आणि त्यातील एका भागाला थाऊ म्हणतो. म्हणजे सुताराच्या एका सुतात असे १२५ थाऊ मावतात. माणसाच्या डोक्याचा एक केस साधारणतः तीन थाऊ जाड असतो. विमानाच्या इंजिनात जे दट्टे नळकांड्यांत वर-खाली धावतात, ज्या दांड्या मिनिटाला हजारो फेरे घेतात, त्यांचे कित्येक भाग या केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरकाने एकमेकांत बसवावे लागतात. भाग किंचित सैल झाला, तर धक्के बसतात व तो झिजतो. किंचित घट्ट झाला, तर तापून जागच्या जागी अडकतो. रस्त्यावर मोटार बंद पडली तर ती ढकलता येते. पण आकाशात विमान बंद पडले तर त्याला थांबावयास जागा नसते.

दुसरी गोष्ट अशी, की असा भाग एकच चांगला होऊन भागत नाही. शंभर भाग केले तर शंभरही सारखे व्हावे लागतात. एका विमानाचा दट्ट्या काढून दुसऱ्यात घातला, तरी तो कानशीने न घासता नेमका बसला पाहिजे. यासाठी धातूचा तुकडा फिरवून कातणारे लेथ यंत्र, छिद्रे पाडणारी व पृष्ठभाग घासणारी यंत्रे, तुकडा एकाच जागी पक्का धरून ठेवणारे साचे आणि प्रत्येक माप तपासणारी मोजमापाची साधने लागतात. त्याहूनही अधिक लागतो तो माप चुकले तर स्वतःच तो भाग बाजूला टाकणारा प्रामाणिक कारागीर. अशी यंत्रे विकत मिळतात. पण असे कारागीर कामावरच तयार करावे लागतात. भारतात विमानांच्या कामासाठी अशी यंत्रशाळा उभी करणे, हे वालचंदांपुढचे काम होते.

प्रारंभी सरकारने त्यांच्या सूचनेचे थंडपणाने स्वागत केले. विमानांसारखी वस्तू भारतात तयार होण्याची आवश्यकता इंग्रज राज्यकर्त्यांना वाटत नव्हती. आणि ती भारतीयांच्या हाती असावी, असे तर मुळीच वाटत नव्हते. परंतु १९४० च्या जूनमध्ये जर्मनीपुढे फ्रान्स कोसळला. इंग्लंड एकटे पडले आणि तेथून पूर्वेकडे विमाने पाठविणे अवघड झाले. मग सरकारची भाषा बदलली. वालचंदांनी ही संधी दवडली नाही. कारखान्यासाठी त्यांनी निरनिराळ्या संस्थानांशी बोलणी केली. म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माईल हे दूरदृष्टीचे प्रशासक होते. त्यांनी बंगलोरजवळ सुमारे ७०० एकर जमीन देऊ केली आणि संस्थानाचे भांडवलही घातले. बंगलोर समुद्रकिनाऱ्यापासून दूर, म्हणून शत्रूच्या आरमारापासून सुरक्षित होते. तेथली हवा कोरडी व समशीतोष्ण होती, वीज मुबलक होती आणि विज्ञानाचे संशोधन करणारी भारतीय विज्ञान संस्थाही तेथेच होती.

२३ डिसेंबर १९४० रोजी ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ या कंपनीची स्थापना झाली. पॉली यांच्या मदतीने अमेरिकेहून यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ आले. माळरानावर इमारती उठू लागल्या, धावपट्टी तयार झाली. ज्यांनी विमान जवळून कधी पाहिलेही नव्हते, अशी तरुण मुले कामावर घेण्यात आली. त्यांना मोजावयास, कातावयास, पत्रा वाकवावयास आणि खिळे ठोकावयास शिकविण्यात आले. पुढच्याच पावसाळ्यात, १९४१ साली, ‘हार्लो’ जातीचे पहिले शिकाऊ विमान या कारखान्यातून बाहेर पडून आकाशात उडाले. त्याचे भाग अमेरिकेहून आलेले होते. येथे ते जोडण्यात आले होते. हे काम म्हणजे विमान-विद्येतील मुळाक्षरे होती. पण मुळाक्षरे गिरविल्यावाचून कोणालाच लिहिता येत नाही.

त्याच काळात वालचंदांनी दुसरे स्वप्नही हाती घेतले होते. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे त्यांच्या जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. एकाच माणसाच्या उद्योगातून एकीकडे आकाशात उडणारे आणि दुसरीकडे सागरावर तरंगणारे वाहन आकार घेऊ लागले होते.

आणि अशा वेळी संकट आले. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला. सिंगापूर पडले, रंगून पडले. युद्ध भारताच्या दारात येऊन ठेपले. बंगलोरचा कारखाना आता लष्कराच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाचा झाला होता. भारत सरकारने त्यात १९४१ सालीच एक तृतीयांश भाग घेतला होता. आता कारखाना संपूर्णपणे आपल्या हाती हवा, असे सरकारचे म्हणणे पडले. २ एप्रिल १९४२ रोजी सरकारने वालचंद व त्यांचे सहकारी यांचे भाग विकत घेतल्याचे जाहीर केले. म्हैसूर संस्थानाने आपले भाग विकले नाहीत. पण व्यवस्था मात्र सरकारकडे सोपविली. जो कारखाना वालचंदांनी कल्पनेतून माळावर उतरविला, तो अवघ्या सव्वा वर्षात त्यांच्या हातून गेला. भागांचा मोबदला त्यांना मिळाला; पण आपण लावलेल्या रोपाला फळ आलेले पाहण्याचे समाधान कोणत्याही मोबदल्यात मोजता येत नाही. त्यानंतर चारच दिवसांनी, ६ एप्रिल रोजी, विशाखापट्टणमवर जपानी विमानांनी बाँब टाकले. नगरातील लोक घरे सोडून जाऊ लागले आणि जहाजांच्या कारखान्याचे काम खोळंबले. एका आठवड्यात दोन्ही स्वप्नांवर आघात झाले.

दुसरा कोणी असता तर खचला असता. वालचंदांनी मात्र रुसून बसणे किंवा दैवाला बोल लावणे पत्करले नाही. हातून गेलेल्या कामाचा शोक करण्यापेक्षा हाती असलेले काम पुढे नेणे, हा त्यांचा स्वभाव होता. विशाखापट्टणमचे काम त्यांनी पुन्हा सुरू करविले. १९४४ मध्ये त्यांनी मोटारींसाठी ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ ही कंपनी काढली आणि १९४७ साली मुंबईजवळच्या कुर्ला येथील कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. १४ मार्च १९४८ रोजी ‘जल उषा’ हे जहाज पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते विशाखापट्टणम येथे पाण्यात सोडण्यात आले. स्वतंत्र भारतात बांधून झालेले ते पहिले मोठे जहाज होय. ‘लॉयल्टी’पासून ‘जल उषा’पर्यंतचा, विकत घेण्यापासून घडविण्यापर्यंतचा हा प्रवास २९ वर्षांचा होता.

बंगलोरच्या कारखान्याचे पुढे काय झाले? युद्धाच्या उत्तरार्धात तो अमेरिकन हवाई दलाच्या ताब्यात होता. नव्या विमानांचे काम मागे पडले आणि युद्धात झिजलेली विमाने व इंजिने यांची दुरुस्ती तेथे होऊ लागली. वरकरणी हे काम कमी मानाचे वाटेल. पण शिकणाऱ्याला त्यासारखी शाळा नाही. इंजिन पूर्ण उकलावयाचे, प्रत्येक भाग धुऊन मोजावयाचा, झिजलेला टाकून नवा बसवावयाचा आणि पुन्हा सगळे जुळवावयाचे, असे करता करता हजारो भारतीय कामगारांचे हात तयार झाले. युद्ध संपल्यावर कारखाना भारत सरकारकडे परत आला. कोल्हापूर भागातून आलेले आणि जर्मनीत विमानशास्त्र शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी तेथे ‘एच. टी.-२’ या दोन आसनी शिकाऊ विमानाचा आराखडा तयार केला. १९५१ च्या ऑगस्टमध्ये ते विमान उडाले. या वेळी जोडणी तर येथली होतीच. पण कल्पनाही येथली, आराखडाही येथला. मुळाक्षरे गिरविणारा विद्यार्थी आता स्वतःचे वाक्य लिहू लागला होता.

तोपर्यंत वालचंद थकले होते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढच्या वर्षी ते व्यवसायातून निवृत्त झाले. आजारपणात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची मनोभावे शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. मागे राहिले ते त्यांनी उभे केलेले उद्योग.

या उद्योगांपैकी एकाची कथा विशेष आहे. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात कळंब गावाजवळ वालचंदांनी १९३३ च्या सुमारास साखरेचा कारखाना काढला. उजाड माळावर उसाचे मळे फुलले आणि त्याभोवती गाव वसले, ते वालचंदनगर. साखर कारखान्याची यंत्रे बिघडली की त्यांची दुरुस्ती तेथेच करावी लागे. त्यातून एक यंत्रशाळा वाढली. दुरुस्ती करता करता ती साखर कारखान्यांची यंत्रेच घडवू लागली. १९७० नंतरच्या दशकापासून भारताच्या अंतराळ संशोधन संस्थेसाठी अग्निबाणांची पोलादी कवचे याच शाळेत तयार होऊ लागली. अग्निबाणाचे इंधन ज्या नळकांड्यात जळते, ते हे कवच होय. ते जितके हलके, तितका अग्निबाण अधिक भार नेऊ शकतो. परंतु आतल्या ज्वलंत वायूंचा प्रचंड दाब सोसण्याइतके ते बळकट हवे. त्याचे तुकडे वेगवेगळे घडवून मग एकावर एक जोडतात. मोठ्या अग्निबाणाचे कवच ३.२ मीटर व्यासाचे असते, म्हणजे त्यात दोन माणसे एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील; आणि एवढ्या मोठ्या वर्तुळाची कड दुसऱ्या वर्तुळाच्या कडेशी कागदाएवढीही फट न ठेवता जुळावी लागते. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ घेऊन जो अग्निबाण श्रीहरिकोट्याहून झेपावला, त्याच्या बाजूंना जोडलेल्या दोन प्रचंड नळकांड्यांच्या घडणीत उसाच्या मळ्यांत वसलेल्या या गावाचा वाटा होता.

ज्या विमान-कारखान्यातून वालचंदांना बाहेर पडावे लागले, त्याचाही विस्तार झाला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी त्याचे ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ या मोठ्या सरकारी संस्थेत रूपांतर झाले. तिचा एक कारखाना नाशिकजवळ ओझर येथे उभा राहिला आणि महाराष्ट्राच्या भूमीवर लढाऊ विमाने तयार होऊ लागली. सांगलीत १९४७ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे वालचंदांचे नाव देण्यात आले. तेथून शिकून बाहेर पडलेल्या अभियंत्यांच्या अनेक पिढ्या देशभर काम करीत आहेत.

वालचंद हे संन्यासी नव्हते, व्यापारी होते. नफा-तोटा त्यांना कळत होता आणि धनही त्यांनी मिळविले. तरीपण केवळ धन हेच त्यांचे ध्येय असते, तर सोलापूरची पेढी सोडण्याचे त्यांना कारण नव्हते. आपल्या देशातील माणसांचे हात इतरांच्या हातांइतकेच कुशल होऊ शकतात, या श्रद्धेवर त्यांनी आपले भांडवल, स्वास्थ्य आणि नावलौकिक पणाला लावला. या कामी त्यांना कधी यश आले, कधी दुसऱ्यांनी ते काम त्यांच्या हातून काढून घेतले. पण एकदा शिकलेली विद्या कोणाला काढून घेता आली नाही. कारखान्याचे धनी बदलले. तेथे मोजावयास आणि घडवावयास शिकलेले हात मात्र देशाचेच राहिले.

आजही गडचिरोलीच्या रानात गुरांमागे फिरणारा एखादा मुलगा आकाशातून जाणाऱ्या विमानाकडे मान उंच करून पाहतो. त्याच्या पायाखाली लोखंडाचा दगड आहे आणि डोक्यावर विमान आहे. या दोहोंमधील अंतर फार मोठे आहे. ते अंतर अचूक मापाने, कसलेल्या हातांनी आणि न खचणाऱ्या मनाने ओलांडता येते, हे शेठ वालचंद हिराचंद यांच्या चरित्राने दाखवून दिले आहे.